धड ना डॉक्टर, धड ना इंजिनिअर?

मेडिकल आणि इंजिनिअरिंग एकत्र शिकवणाऱ्या डिग्र्यांबद्दल हल्ली पालक खूप विचारतात आणि सगळ्यांची धास्ती एकच, पोरगं धड ना इकडचं धड ना तिकडचं होणार. मागे बारावीची एक मुलगी आईबाबांबरोबर आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत), बाबा खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाले, "मॅडम, हिला सांगा, काहीतरी एक धर."

मुलगी गप्प. काय आवडतं विचारलं तर "माहीत नाही". मग आजोबांच्या आजारपणाचा विषय निघाला, त्यातून रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरचा, आणि बाई जी सुटली! बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा प्रकाश जातो, ऑक्सिजन असलेलं नि नसलेलं रक्त तो वेगवेगळा शोषतं, आणि नाडीच्या ठोक्याबरोबर जेवढं बदलतं तेवढंच मोजायचं ही आयडिया १९७० च्या दशकात ताकुओ आओयागी नावाच्या जपानी इंजिनिअरला सुचली, तो खरं तर दुसरंच काही मोजत होता आणि ठोके मध्ये लुडबुड करत होते म्हणून वैतागला होता. मग म्हणते, "पण काळ्या त्वचेच्या पेशंटमध्ये तो कधीकधी ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, मग हे इतकी वर्षं तसंच कसं चालू दिलं?" आता हा प्रश्न पडणाऱ्या मुलीला 'एक धर' कुठल्या तोंडाने सांगू?

गोंधळ होतो कारण लोक सगळं एकाच पोत्यात भरतात. नुसतं बायोमेडिकल इंजिनिअरिंग केलं तर मशीन बनवता येतं, पेशंटवर उपचार करता येत नाहीत, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. दुसरा प्रकार म्हणजे डॉक्टरकीच, पण त्यात इंजिनिअरिंग मुरवलेलं. अमेरिकेतलं कार्ल इलिनॉय हे मेडिकल कॉलेज याच पायावर उभं राहिलं, २०१८ ला ३२ जणांची पहिली बॅच, डिग्री मात्र एमडीच (तिकडची डॉक्टरकीची मूळ डिग्री, आपल्या एमबीबीएससारखी). तिसऱ्यात दोन डिग्र्या हातात येतात. अमेरिकेतल्याच टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीच्या एनमेड कोर्समध्ये चार वर्षांत एमडी आणि मास्टर ऑफ इंजिनिअरिंग, वर शिकता शिकता स्वतःचं काहीतरी नवीन शोधून बनवायचं, आणि इटलीत ह्युमॅनिटास ही मेडिकलची युनिव्हर्सिटी आणि मिलानचं पॉलिटेक्निको हे इंजिनिअरिंगचं विद्यापीठ मिळून सहा वर्षांचा मेडटेक कोर्स चालवतात, त्यात मेडिसिनबरोबर बायोमेडिकल इंजिनिअरिंगची बॅचलर डिग्री.

बाबांनी मध्येच अडवलं, "म्हणजे अर्धा डॉक्टर?" नाही हो. अमेरिकेत या मुलांना डॉक्टरकीच्या लायसन्ससाठी बाकीच्यांचीच परीक्षा द्यावी लागते, वेगळी सवलत कोणी देत नाही. मेडिकल कापून इंजिनिअरिंग घुसवलेलं नसतं, ओझं वाढतं एवढंच, आणि ते खरंच वाढतं, ज्याला गणित बघून घाम फुटतो त्याने फॅशन म्हणून तिकडे फिरकू नये. आणखी एक, अमेरिकेतलं एमडी ग्रॅज्युएशननंतरचं, बारावी झाली की थेट अर्ज करता येत नाही, इटलीचं चालतं. आणि ज्या देशात प्रॅक्टिस करायची तिथे ती डिग्री मान्य आहे का, पुढे कुठली परीक्षा लागते, हे फी भरायच्या आधी बघायचं, नंतर नाही.

आईचा प्रश्न जास्त कामाचा होता, आत्ताच ठरवायलाच हवं का? तर नाही. आधी डॉक्टर होऊन मग तंत्रज्ञानाकडे वळता येतं, आयआयटी खरगपूरचा एमबीबीएस झालेल्यांसाठी तीन वर्षांचा मास्टर्स आहे. मला स्वतःला तर अठराव्या वर्षीच्या मुलांसाठी हाच रस्ता बरा वाटतो.

मग मी तिलाच विचारलं, रात्री दोनला कुठे उभं राहायला आवडेल, पेशंटजवळ की मशीनजवळ? म्हणाली, "पेशंटजवळच. पण मशीन का बोंबलतंय ते मला कळलं पाहिजे."

मग पेशंटवर उपचार करायचं लायसन्स देणारीच डिग्री आधी, असं ठरलं, आणि गणित सोडायचं नाही. बाबांनी इटलीच्या कोर्सचं नाव तेवढं लिहून घेतलं.