धार केस कापणारी, तरी गवत फाटतंय!

प्रश्न : नमस्कार दादा. खारघरला आमची सोसायटी आहे, मागचं ग्राउंड आणि लॉन मिळून दीडेक एकर भरेल. गवत कापायचं ढकलायचं मशीन पुरेना म्हणून कमिटीने गेल्या वर्षी बसून चालवायचं मोव्हर घेतलं, ४२ इंची डेक (पात्यांवरचं पत्र्याचं कवच), खाली दोन पाती. पहिला पावसाळा मस्त गेला. आता मात्र कापल्याच्या दुसऱ्या दिवशी टोकं पांढरट दिसतात आणि मशीन एवढं थरथरतं की माळीमामांच्या हाताला घरी गेल्यावर पण मुंग्या येतात. धार तर दर पंधरा दिवसांनी लावून आणतो, अगदी केस कापला जाईल अशी. मग चुकतंय कुठे?

उत्तर : भाऊ, केस कापण्यातच चुकतंय. हे पातं म्हणजे वस्तरा नाही, ते गरगर फिरत गवताला फटका मारून तोडतं. धार कागदासारखी पातळ केली की पहिल्या खडीला दुमडते, मग गवत कापलं न जाता फाटतं आणि फाटलेलं टोक वाळून पांढरं पडतं. लोणी लावायच्या सुरीइतकी जाड कड ठेवा, साधारण अर्धा मिलिमीटर. उतार तीसेक अंशाचा, म्हणजे कंपनीने दिलाय तोच पकडायचा, आणि घासायचं फक्त वरच्या बाजूने, खालची बाजू सपाटच राहू द्या. पंधरा दिवसांचं गणित पण सोडा, मशीन किती तास चाललं ते वहीत लिहा, २० ते २५ तासांनी धार पुरते. दगड लागला तर मात्र लगेच खोलून बघायचं.

आता थरथर. मला वाटतं तुमचा धारवाला ग्राइंडर लावतो, एका बाजूला जास्त घासतो, दुसरीकडे कमी, आणि वजन कोणी बघतच नाही. हिशेब करून बघा, एकवीस इंची पातं मिनिटाला ३००० फेऱ्या मारत असेल तर त्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरने पळतं, आणि एका टोकाला नुसतं १० ग्रॅम लोखंड जास्त राहिलं तरी स्पिंडलला, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या दांड्याला, पंचवीस किलोच्या वर ओढ बसते, ती पण प्रत्येक फेरीला दिशा बदलून. बेअरिंग किती दिवस टिकणार?

उपाय फुकटातला आहे. वॉचमनच्या केबिनच्या भिंतीत एक खिळा ठोका, पातं मधल्या भोकातून त्यावर आडवं टांगा आणि हात सोडा. जी बाजू खाली जाईल ती जड, तिकडून थोडं घासा, परत टांगा. आमच्याकडे पहिल्यांदा हे केलं तेव्हा पातं घड्याळाच्या काट्यासारखं सरळ सहावर जाऊन थांबलं, आणि ते धार लावून आणलेलं बरं का! चार-पाच वेळा घासल्यावर आडवं राहिलं. घासताना घाई नको, लोखंड निळं पडलं तर पाणी उतरलं, म्हणजे त्याचा कडकपणा गेला समजा, तिथली धार मग टिकत नाही. माझं ऐकाल तर कानस वापरा, वेळ लागतो पण पातं तापत नाही.

खोलण्याआधी चावी काढून खिशात, हँडब्रेक लावलेला, आणि स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला. नुसत्या जॅकवर मशीन ठेवून खाली हात घालायचा नाही, लाकडी ठोकळे लावा. डेकमध्ये एक ठोकळा अडकवला की पातं फिरत नाही, मग पाना मारा. बसवताना पात्याच्या टोकांचे वर वळलेले पंख डेकच्या बाजूला आले पाहिजेत. हसू नका, मी स्वतः एकदा उलटी बसवलेली, तासभर गवत नुसतं झोपत होतं आणि मी मशीनला शिव्या देत होतो.

आणि पावसाळ्यात ओलं गवत डेकखाली शेणासारखं थापलं जातं, ते प्रत्येक वेळी खरवडून काढा. आपल्याकडची खाडीची हवा, तसंच ठेवलं तर गंज चढायला आठवडा पण लागत नाही. जुलैमध्ये वाढ जोरात असली तरी एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, आधी ग्राउंडवरून एक चक्कर मारून खडी, बाटल्यांची झाकणं, मुलांचे बॉल उचला. धारेचं निम्मं काम तिथेच होतं.

प्रश्न : घोडबंदर रोडला आमच्या शाळेचं मैदान आहे. मोव्हरच्या पात्याला पंखाजवळ चीर गेलीये. वागळे इस्टेटमधला वेल्डिंगवाला भरून देतो म्हणतोय, करून घेऊ का?

उत्तर : अजिबात नाही ताई. वेल्डिंगच्या शेजारचं लोखंड ठिसूळ होतं, आणि वर सांगितलेल्या स्पीडने तुकडा सुटला तर समोर शाळेची मुलं आहेत. नवीन आणा, तुमच्या मॉडेलचंच, आणि सगळी पाती एकदम बदला. पंखाजवळ चीर नसली पण पत्रा झिजून पातळ झाला असेल तरी तेच, आपल्या वाळूमातीत तो भाग सगळ्यात आधी जातो. जुनं पातं भंगारात देण्याआधी कटरने मधून दोन तुकडे करून घ्या, नाहीतर पुढच्या महिन्यात कोणीतरी “अजून चांगलंय की” म्हणून तेच परत बसवतं.