बातम्या बघून नाही, पण कादंबरी वाचून रडू येतं, असं का?

प्रश्न: काबूलमधल्या एका कुटुंबावरची कादंबरी वाचली आणि ढसाढसा रडले. पण त्याच अफगाणिस्तानच्या बातम्या वर्षानुवर्षं टीव्हीवर बघतेय, 2021च्या ऑगस्टमध्ये तालिबान परत आले तेव्हाही पाच मिनिटं हळहळले आणि कामाला लागले. खोट्या माणसांसाठी रडायचं आणि खऱ्यांसाठी नाही, हे चुकतंय का माझं?

उत्तर: ताई, अजिबात चुकत नाहीये. बातमीत माणूस भेटतो तेव्हा त्याचं सगळं संपलेलं असतं, रॉकेट पडलं, इतके गेले, बास, पुढची बातमी. कादंबरी तुम्हाला त्या घरात आधी राहायला नेते. धाकटी शाळेत जाताना कशी रेंगाळते, कोणाचं लग्न कोणाशी ठरतंय, आजीचं कोणाशी पटत नाही, हे शंभर-दीडशे पानं वाचून झाल्यावर रॉकेट पडतं ना, ते मग ओळखीच्या घरावर पडतं. माझ्या मते सगळी ताकद त्या आधीच्या पानांत असते, युद्धाच्या वर्णनात नाही, म्हणून पहिल्या पानापासून नुसते मृतदेह दाखवणारी पुस्तकं वाचताना मन लवकर बधिर होतं.

आणि काबूलची गोष्ट बातमीत मावणारी नाहीच. 1989ला सोव्हिएत फौजा गेल्या, लोकांना वाटलं सुटलो, आणि 1992मध्ये सोव्हिएतांच्या पाठिंब्यावरचं राष्ट्राध्यक्ष नजीबुल्लांचं सरकार पडल्यावर मुजाहिदीनांचेच, म्हणजे सोव्हिएतांशी लढलेल्या बंडखोरांचेच, गट भर शहरात एकमेकांवर रॉकेटं सोडायला लागले. त्यामुळे 1996ला तालिबान आले तेव्हा थकलेल्या काही लोकांना आधी चक्क हायसं वाटलं होतं. आता हे टीव्हीवर कसं सांगणार? कादंबरीत सांगता येतं, कारण तिथे बाप म्हणतो चला, आज रात्री तरी झोप लागेल, आणि त्याच घरात मुलगी दप्तर घेऊन बसलेली असते कारण शाळा बंद झालीये, आणि आपल्याला दोघांचंही पटतं. रडू येतं ते तिथे.

फक्त एका पुस्तकावरून देश कळला असं समजू नका हं. परदेशात राहून इंग्रजीत लिहिलेल्या कादंबऱ्या आपल्यापर्यंत आधी पोचतात. दारी आणि पश्तोमध्ये लिहिणाऱ्या अफगाण बायकांच्या कथांचे इंग्रजी अनुवादही आता मिळतात, ते जरूर शोधा, त्यात युद्ध आहेच पण ऑफिसला जायची घाई, संसारातली कुरबुर, प्रेम, सगळंच आहे.