ब्लेंडरमध्ये सोड्याचे बुडबुडे काचेच्या गोट्यांसारखे का दिसतात?

तुमची अडचण थोडक्यात अशी: ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सोड्याचा ग्लास करताय, फ्लुइड सिम्युलेशन (द्रवाची हालचाल गणिताने काढणं) लावलं की बुडबुडे टिकत नाहीत, आणि हाताने गोल ठेवले की पाण्यात गोट्या टाकल्यासारखं दिसतं. माझं मत विचाराल तर सोड्यासाठी सिम्युलेशनच्या नादी लागूच नका. गोलच ठेवा, फक्त ते पाण्यातली हवा आहेत हे रेंडररला, म्हणजे अंतिम चित्र काढणाऱ्या भागाला, नीट कळू द्या.

तुम्ही गोलाला ग्लास मटेरियल दिलंय, म्हणजे रेंडररच्या लेखी ती खरोखरच गोटी आहे. काचेची गोटी प्रकाश एकवटते, बुडबुडा तो फाकवतो. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप, ब्लेंडरमध्ये आयओआर) १.३३, हवेचा १. पाण्यातून हवेकडे निघालेला किरण ४८.६ अंशांपेक्षा जास्त तिरपा पडला की तो हवेत शिरतच नाही, पूर्ण आंतरिक परावर्तन होतं. गोल बुडबुड्यावर याचा हिशेब फार सुटसुटीत निघतो. समोरून बघताना केंद्रापासून त्रिज्येच्या पाऊण अंतरापर्यंत आरपार दिसतं, त्यापुढचा कडेचा पाव भाग म्हणजे निव्वळ आरसा. क्षेत्रफळात मोजलं तर दिसणाऱ्या चकतीचा जवळपास ४४ टक्के भाग! पाण्याखालच्या बुडबुड्याला जी चंदेरी कडा दिसते ती हीच. रेंडर झूम करून बघा. ही कडा नसेल तर बाकी कितीही रंगरंगोटी केलीत तरी तो बुडबुडा वाटायचा नाही.

उपाय दोन मिनिटांचा आहे. एडिट मोडमध्ये गोलाचे नॉर्मल (पृष्ठभागाची बाहेरची बाजू दाखवणारे बाण) फ्लिप करून आत वळवा आणि त्याला पाण्याचंच मटेरियल द्या, आयओआर १.३३. पृष्ठभागाची मागची बाजू समोर आली की सायकल्स, म्हणजे ब्लेंडरमधला रेंडरर, अपवर्तनांकाचं गुणोत्तर आपोआप उलटं धरतं. किंवा नॉर्मल बाहेरच ठेवून ग्लास बीएसडीएफमध्ये (काचेच्या मटेरियलच्या नोडमध्ये) आयओआर ०.७५ भरा, म्हणजे १ भागिले १.३३. यातलं एकच करा. दोन्ही केलंत तर एकाने दुसरं खोडलं जाऊन परत गोटीच मिळेल.

मग काळे ठिपके दिसायला लागतील. त्याला कारण लाइट पाथचे बाउन्स, म्हणजे किरण किती पृष्ठभागांपर्यंत मोजायचा ती मर्यादा. समोरच्या काचेचे दोन पृष्ठभाग, मागच्या काचेचे दोन, आणि प्रत्येक बुडबुड्याचे दोन. एका रेषेत पाच बुडबुडे आले की झाले १४, आणि सायकल्समध्ये मुळात मर्यादा असते १२ ची. किरण मध्येच संपतो, तिथे काळं पडतं. ट्रान्समिशन आणि टोटल, दोन्ही आकडे ३२ पर्यंत न्या. रेंडर थोडा रेंगाळेल, त्याला इलाज नाही.

आता सिम्युलेशनमध्ये बुडबुडे का मरतात ते. ब्लेंडरमधलं फ्लुइड सिम्युलेशन करणारं मँटाफ्लो फक्त द्रव मोजतं, हवा त्याच्या दृष्टीने रिकामी जागा. आत अडकलेल्या हवेला दाबच नाही, मग पाणी ती जागा भरून टाकणारच. तिथल्या पर्यायांत ‘बबल्स’ असं नाव दिसतं खरं, पण ते वर जाणारे नुसते बिंदू आहेत.

मग हवा आणि पाणी दोन्ही मोजणारा सॉल्व्हर (सिम्युलेशनचं गणित सोडवणारा प्रोग्रॅम), म्हणजे दोन-फेज सॉल्व्हर, घ्यावा का? तशा पद्धती आहेत. हाँग आणि किम यांचा द्रवातल्या बुडबुड्यांच्या ॲनिमेशनवरचा पेपर २००३ चा आहे. पण सोड्याचं गणित मांडून बघा. अर्ध्या मिलिमीटरच्या बुडबुड्यात आडवे दहा सेल (गणितासाठी जागेचे पाडलेले चौकोनी तुकडे) हवेत असं धरलं, तर ६ बाय ६ बाय १२ सेंटीमीटर जागेला साडेतीनशे कोटींच्या घरात सेल लागतात. वर पृष्ठताणामुळे टाइमस्टेपही (गणितातला वेळेचा टप्पा) बारीक ठेवावा लागतो; साध्या पद्धतीत एका फ्रेममागे अडीच हजारांच्या आसपास टप्पे. घरच्या मशीनवर हे विसरा.

आणि एवढं करून मिळणार काय? गोलच. या आकाराच्या बुडबुड्यात पृष्ठताणामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ५७५ पास्कल जास्त असतो, तर त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकांवरच्या पाण्याच्या दाबातला फरक जेमतेम ५ पास्कल. तो चपटा होणार कसा? त्रिज्या मिलिमीटरच्या जवळ गेली की गोष्ट बदलते, बुडबुडा नागमोडी वर चढायला लागतो. मत्स्यालयाच्या पंपाचे बुडबुडे करायचे असतील तर आकारात थोडा चपटेपणा आणि मार्गात थोडं वळण घाला. तळहाताएवढे, छत्रीसारखे बुडबुडे हवे असतील तेव्हा मात्र खरंच दोन-फेज सॉल्व्हर शोधा.

सोडा खोटा वाटतो तो बहुतेकदा मांडणीमुळे. लोक बुडबुडे ग्लासभर विखरून टाकतात. प्रत्यक्षात ते ठरावीक जागांवरूनच निघतात. रँस विद्यापीठाच्या जेरार लिजे-बेलेर यांनी शॅम्पेनवर हे बारकाईने दाखवलंय: ग्लासाला चिकटलेल्या सेल्युलोजच्या तंतूत हवा अडकलेली असते, तिथून एकामागोमाग एक बुडबुडे सुटतात. त्यामुळे आठ-दहा जागा ठरवा आणि प्रत्येकीतून ठरावीक अंतराने बुडबुडा सोडा. वर जाताना तो फुगतो, वेग वाढतो, म्हणून माळेतलं अंतर वर वर वाढत जातं. (फुगणं दाब कमी झाल्यामुळे नाही बरं का, १० सेंटीमीटरमध्ये दाब एक टक्काच बदलतो. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आत शिरत राहतो.) जिओमेट्री नोड्समध्ये (ब्लेंडरमध्ये नियमांनी आकार मांडायची सोय) उंचीनुसार स्केल वाढवलं की काम भागतं.

साबणाच्या फुग्यासारखे इंद्रधनुषी रंग घालू नका, पाण्यात बुडालेल्या बुडबुड्याला ती पातळ फिल्मच नसते. आणि प्रकाशयोजना बघा. ती चंदेरी कडा आरसा असल्यामुळे आजूबाजूला जे असेल तेच दाखवते. वर्ल्ड (दृश्याभोवतीची पार्श्वभूमी) सपाट करडं ठेवलंत तर कडाही करडीच येणार. मागून एक मोठा एरिया लाइट आणि दोन्ही बाजूंना काळे पडदे, एवढं आधी लावून बघा.