डिसेंबरात कुत्र्याला घेऊन जैसलमेरजवळ वाळूत तंबू टाकून राहता येईल का?

हो, जरूर न्या. दिवसा ऊन सोसण्यासारखं असतं, पण रात्री कडाक्याची थंडी पडते. त्याला तंबूत तुमच्याजवळच झोपवा, खाली जाड घोंगडी घाला. पाणी भरपूर घ्या, 25 किलोच्या कुत्र्याला दिवसाला तीन लिटर तरी हाताशी हवं. खरा त्रास भुरट गवताच्या काट्यांचा. आमची लॅब्रडॉर एकदम लंगडायला लागली, पंजा उघडून पाहिला तर बोटांच्या बेचक्यात तीन काटे रुतलेले. चिमटा खिशातच ठेवा. आणि कृपा करून पट्टा सोडू नका. जैसलमेरजवळच्या सम आणि खुरी या गावांच्या बाजूला माळढोकाचा अधिवास आहे, तो पक्षी जमिनीवरच अंडं घालतो. शिवाय फुरसंही असतं.