घरामागच्या परसात कोंबड्या आणि टर्की एकत्र पाळता येतील का?

कोल्हापुरात कळंब्याकडे घर, मागे पाचशे चौरस फूट मोकळी जागा, आठ-दहा कोंबड्या आणि हौसेखातर टर्कीची एक जोडी, सगळं एकाच खुराड्यात चालेल का, असं तुम्ही विचारलंय. कोंबड्या चालतील. टर्कीही चालतील. एकत्र मात्र नकोत. हे कळायला मला सहा टर्की घालवाव्या लागल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी पाचगावचा. दिवसा उद्यमनगरात लेथवर असतो, सकाळ-संध्याकाळ कोंबड्यांत. चार वर्षांपूर्वी ओळखीच्या एकाकडून दीड-दोन महिन्यांची टर्कीची सहा पिल्लं आणली आणि सरळ कोंबड्यांच्या आवारात सोडली. उन्हाळाभर मजेत होती. श्रावणात एक पिल्लू कोपऱ्यात मान आत ओढून, पंख खाली सोडून उभं राहिलं. पावसानं गारठलं असेल म्हणून मी घरात आणलं. दुसऱ्या दिवशी त्याची विष्ठा बघितली तर गंधकासारखी पिवळीधमक. दहा दिवसांत पाच गेली. सहावं मेलं तेव्हा पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी माझ्यासमोर उघडलं. काळजावर, म्हणजे यकृतावर, गोल गोल, मध्ये खोलगट आणि कडेला उठाव असलेले डाग, जणू कुणी नाणी दाबून ठसे उमटवलेत. आतड्याला शेवटी दोन बंद पिशव्या असतात, त्या फुगून टणक झालेल्या आणि आत पनीरसारखा घट्ट गोळा. "कोंबड्यांबरोबर ठेवली होती का?" एवढंच त्यांनी विचारलं.

या रोगाला ब्लॅकहेड म्हणतात, डोकं काळं पडेलच असं नाही तरी. हिस्टोमोनास नावाचा अतिसूक्ष्म जीव कोंबडीच्या त्याच आतड्याच्या पिशव्यांत राहतो. कोंबडीला त्याचं फारसं काही वाटत नाही. तिथंच बारीक पांढरे जंत असतात, त्यांच्या अंड्यांत बसून तो विष्ठेतून मातीत उतरतो आणि त्या कवचाच्या आत वर्षानुवर्षं टिकतो. माती खाताना गांडूळ ती अंडी गिळतं आणि टर्की गांडूळ गिळते. आपल्याकडच्या पावसात परसात गांडुळं किती वर येतात ते तुम्हाला माहीतच आहे. टर्कीचं काळीज मात्र हा जीव पार पोखरून टाकतो. पिवळी विष्ठा दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

"आमच्या गावाकडं दोन्ही एकत्रच फिरतात, काही होत नाही" असं सांगणारे भेटतील. खोटं बोलत नसतात ते. सगळ्याच कोंबड्यांत हा जीव नसतो, आणि नशीबही असतं. पण तुमच्या कोंबड्यांत तो आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही, टर्की मेल्यावरच समजतं.

म्हणून तुमच्या जागेचे आताच दोन भाग करा. जिथं कधीच कोंबडी फिरलेली नाही तो टर्कीचा. पाण्याचा उतार कोंबड्यांकडून टर्कीकडे नको. मी टर्कीच्या दारात वेगळी चप्पल आणि वेगळं खोरं ठेवतो. बायको याला सोवळं म्हणते. म्हणू दे. कोंबड्यांना डॉक्टरांना विचारून वेळच्या वेळी जंताचं औषध देतो. सुरुवात मात्र कोंबड्यांनी करा आणि एक पावसाळा त्यांच्यासोबत काढा. पावसाळा काढला की कळतं आपल्याला हे झेपतंय का.

कोणत्या कोंबड्या? शासनाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आपल्या कोल्हापुरातच आहे, तिथं आधी चौकशी करा. गिरिराज, वनराज या जाती परसासाठीच तयार केल्यात, अंगानं दणकट असतात आणि गावरानपेक्षा जास्त अंडी देतात. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते आणि मधेच खुडूक होऊन बसते. पण मला स्वतःला दोन तरी गावरान लागतातच, कारण खुडूक कोंबडीसारखं उबवणी यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही. पहिल्यांदाच पाळत असाल तर एक दिवसाची पिल्लं घेऊ नका, दोन-अडीच महिन्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, घ्या. आणि नुसत्या अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. कॉलनीत राहत असाल तर तो नकोच. माझा पहिला कोंबडा पहाटे साडेतीनला बांग द्यायचा, समोरचे काका रात्रपाळी करून दोनला झोपायचे. शेवटी काकांनीच तो आखाडात विकत घेतला, आणि कशासाठी ते मी विचारलं नाही.

खुराड्याचं बोलायचं तर कोंबडीमागे आत तीन-चार चौरस फूट आणि बाहेर फिरायला जमेल तेवढी जागा. पैसा वाचवायचा असेल तर पत्र्यात वाचवा, जाळीत नको. षटकोनी भोकांची जी पातळ "कोंबडी जाळी" मिळते ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. एका रात्रीत माझ्या चार कोंबड्या मुंगसानं मारल्या, खाल्ली एकही नाही. नुसते गळे फोडून गेलं. ज्या भोकातून ते आत आलं त्यातून माझी मूठही जात नव्हती. नंतर मी अँगलचा सांगाडा वेल्ड केला, त्याला अर्धा इंची वेल्डमेश मारली आणि तीच जाळी खाली जमिनीत फूटभर गाडली, कारण घूस खालून येते. दाराला दोन कड्या. एक कडी मांजर पंजानं वर करतं, हे डोळ्यांनी बघितलंय.

पश्चिमेची बाजू जूनच्या आधी ताडपत्रीनं बंद करता येईल अशी ठेवा, आपला पाऊस तिकडूनच झोडपतो. वरच्या बाजूला हातभर जागा मात्र उघडी हवी. खाली भाताचं तूस पसरा, राइस मिलवर पोत्यानं मिळतं. ते रोज खालीवर करा. मुठीत दाबून बघा: गोळा झाला तर ओलं आहे, बदला. आत वाकल्यावर तुमचे डोळे चुरचुरले तर कोंबड्यांची काय दशा होत असेल? ओल्या तुसात पिल्लांना रक्ती हगवण लागते आणि ती दोन दिवसांत खुराडं रिकामं करते.

लसीकडे लोक दुर्लक्ष करतात. राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, आली की गल्लीत कोंबडी उरत नाही. सातव्या दिवसाच्या आसपास लासोटा या लसीचा थेंब डोळ्यात, आठव्या आठवड्यात राणीखेतचीच दुसरी लस टोचून, आणि मधे देवीची. अडचण अशी की एका बाटलीत शंभर किंवा जास्त मात्रा असतात आणि एकदा विरघळवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. आमच्याकडे पाच घरं मिळून एक बाटली आणतात, थर्मासमध्ये बर्फ घालून. एकदम चार-पाच पक्षी मेले तर मात्र गपचूप पुरू नका, दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबारच्या नवापुरात बर्ड फ्लू आला, देशातला तो पहिला. तेव्हापासून हा विषय हसण्यावारी न्यायचा राहिलेला नाही.

आता टर्की. मूळची ही अमेरिकेतली. १६१२ मध्ये मुकर्रबखान या सरदारानं गोव्याहून जहांगीर बादशहाकडे नवलाचे पशुपक्षी नेले, त्यात टर्कीचा नर होता. मन्सूर या दरबारी चित्रकारानं त्याचं चित्र काढलं. डोक्या-गळ्याचा रंग सरड्यासारखा बदलतो याचं बादशहाला फार अप्रूप वाटलं होतं. ते बरोबरच आहे. माझा नर चिडला की डोकं निळसर-पांढरं आणि गळा लालभडक, चोचीवरून लोंबणारी सोंड वीतभर लांब होते. आणि आवाज! कुकरची शिट्टी झाली की तो उत्तर देतो. तीन शिट्ट्या, तीन उत्तरं. गणपतीत ढोल सुरू झाले की बोलायलाच नको.

"जोडी" मात्र घेऊ नका. एक नर, एक मादी असली की नर तिच्या पाठीवर सारखा चढतो आणि नखांनी पाठ सोलून काढतो. नर सात-आठ किलोंचा होतो, मादी निम्म्याच्या थोडी वर. एका नराला तीन-चार माद्या ठेवा. कोंबड्यांतही तो असाच घुसतो, म्हणजे एकत्र न ठेवायला हे दुसरं कारण झालं.

अंडी २८ दिवसांनी फुटतात, कोंबडीची २१ दिवसांनी. खरी परीक्षा त्यानंतरचे दहा दिवस. टर्कीचं पिल्लू खाद्यात उभं राहून उपाशी मरतं, कारण समोरचं खायचं असतं हे त्याला समजतच नाही. मी पाण्याच्या उथळ भांड्यात मुलाच्या काचेच्या रंगीत गोट्या टाकतो. चकाकतं त्याला चोच मारायला जातं आणि पाणी पिऊन येतं. भांडं उथळ आणि गोट्यांनी भरलेलं असलं की बुडतही नाही. खाद्यावर उकडलेल्या अंड्याचा चुरा आणि बारीक चिरलेली कांद्याची पात. टर्कीच्या पिल्लांना २८ टक्के प्रथिनांचं खाद्य लागतं, ते इथं सहज मिळत नाही. मी ब्रॉयलर पिल्लांच्या पहिल्या खाद्यात, म्हणजे प्री-स्टार्टरमध्ये, अंडं आणि बिनमिठाचा जवळा कुटून घालतो. पिल्लांच्या बल्ब लावलेल्या पेटीत पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा: बल्बखाली गोळा झाली तर थंडी, भिंतीला चिकटली तर उकाडा. मशीनमधून नुकतं निघालेलं कोंबडीचं एखादं पिल्लू स्वच्छ पेटीत सोबतीला दिलं तर ते खाणं शिकवतं. त्याला अजून जंत नसतात. पण टर्कीची पिल्लं मोठी झाली की त्याला कोंबड्यांकडं धाडा. खुडूक कोंबडीखाली टर्कीची अंडी घालायचा मोह होईल. उबवते झकास, पण सोबत तो जीवही देऊ शकते.

मोठ्या टर्कीचं पोट निम्मंशिम्मं हिरव्यावर भरतं, लसूणघासाचा एक वाफा लावाच. कोंबडीला दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाद्य, म्हणजे दहा कोंबड्यांना महिन्याला ३३ किलो. लक्ष्मीपुरीतून कणी आणि मका आणून थोडं वाचतं, कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा घाला. तरीही जाळी, लस, मेलेल्या कोंबड्या सगळं धरलं तर माझं अंडं दुकानापेक्षा महागच पडतं.

टर्कीचा रस्सा कसा लागतो हेही तुम्ही विचारलंय. मटणापेक्षा कोरडा, शिजायला वेळ घेतो, असं खाल्लेले सांगतात. आमच्या घरात कुकरला उत्तर देणाऱ्याला कुकरमध्ये घालायला कुणी तयार नाही.