परदेशात धर्मावरून छळ होतोय, अशी बातमी आली तर ती खरी का खोटी कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की परदेशात अमुक धर्माच्या लोकांना मारलं, त्यांची घरं जाळली असले व्हिडिओ रोज मोबाइलवर येतात, त्यातलं खरं किती हे साध्या माणसानं कसं ठरवायचं. माझा कोल्हापुरात फ्लेक्स छपाईचा धंदा आहे, त्यामुळं हा प्रश्न माझ्या काउंटरवरच येऊन पडतो.

५ ऑगस्ट २०२४ ला बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना सत्ता आणि देश सोडून गेल्या, त्या आठवड्यातली गोष्ट. पेठेतल्या एका मंडळाची दोन पोरं निषेध मोर्चासाठी दहा बाय सहाचा फ्लेक्स करायला आली. फोटो व्हॉट्सॲपवरचा, पेटलेल्या घराचा. खाली मजकूर, 'हिंदू क्रिकेटपटू लिटन दासचं घर जाळलं'. एवढा मोठा केला की फोटो फुटणार, म्हणून मूळ मिळतोय का बघायला मी तो गूगल लेन्सवर टाकला. घर निघालं नराइलच्या मशरफी मुर्तझाचं. तोही क्रिकेटपटू, माजी कर्णधार, पण मुसलमान, आणि हसीनांच्याच अवामी लीग पक्षाचा खासदार.

एक पोरगा म्हणाला, "म्हणजे काका, तिकडं काहीच झालं नाही?"

झालं होतं की. हिंदूंची घरं, दुकानं, मंदिरं फोडल्याच्या बातम्या ढाक्याच्या 'प्रथम आलो'नं स्वतःच छापल्या होत्या. फोटो आणि घटना या दोन गोष्टी सुट्या तपासाव्या लागतात, आणि बहुतेक लोक इथंच फसतात. २०१२ साली लाल वस्त्रांतले भिक्खू आणि पुढ्यात प्रेतांचा खच असा एक फोटो 'म्यानमारमध्ये मुसलमानांची कत्तल' म्हणून जगभर फिरला. तो होता चीनमधल्या युशूच्या १४ एप्रिल २०१० च्या भूकंपातला. तिबेटी भिक्खू मृतांचे अंत्यविधी करत होते. पण रोहिंग्यांचा, म्हणजे म्यानमारमधल्या त्या मुसलमानांचा छळ त्यामुळं खोटा ठरला नाही. २०१७ मध्ये सात लाखांवर माणसं जीव घेऊन बांगलादेशात पळाली.

मी आधी गावाचं नाव आणि तारीख शोधतो. दोन्ही नसतील तर ती पोस्ट मी धरतच नाही. व्हिडिओ थांबवून दुकानाच्या पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेटा, लिपी बघतो. मग गावाचं नाव तिथल्या लिपीत टाकून तिथलेच पेपर उघडतो. १६ ऑगस्ट २०२३ ला पाकिस्तानात जडांवाला इथं चर्च आणि ख्रिश्चनांची घरं जाळली, ते तिथल्याच 'डॉन'मध्ये वाचायला मिळतं.

आकड्यांचं जरा अवघड असतं. बांगलादेशातल्या हिंदू बौद्ध ख्रिश्चन ऐक्य परिषदेनं ४ ते २० ऑगस्ट २०२४ या दिवसांत २,०१० घटना मोजल्या. पोलिसांनी त्यातल्या हल्ल्या-तोडफोडीच्या तक्रारी तपासून सांगितलं, १,२३४ राजकीय, २० धार्मिक आणि १६१ खोट्या. म्हणजे हजारावर घटना घडल्या हे पोलिसांनाही मान्य आहे, वाद आहे तो कारणाचा. हिंदू आहे म्हणजे अवामी लीगचाच असणार, असं धरून एखाद्याचं घर फोडलं तर ते कुठल्या रकान्यात लिहायचं? 'राजकीय' हा शिक्का मला तरी पटत नाही.

त्या पोरांनी फोटो काढून टाकला. दोन तास दुकानात बसून, बातम्या वाचून, गावांची नावं आणि तारखा स्वतः लिहून दिल्या. रात्री दहाला तोच मजकूर छापून दिला.