आरसी (रेडिओ रिमोटवर उडणाऱ्या) विमानाच्या पुशरॉडला, म्हणजे पंख-शेपटीच्या हलत्या पट्ट्या ढकलणाऱ्या सळीला, आटे कसे पाडतात? खेड्यात घरी जमेल का?

विकतच्या सळीवरचे आटे बहुतेक कापलेले नसतात, दाबून उठवलेले असतात. कडक साच्यांमध्ये तार दाबून फिरवली की खाचेतला धातू वर सरकतो. म्हणून एम२ चे, म्हणजे २ मिमी व्यासाचे, आटे सुमारे १.७५ मिमीच्या तारेवर उठतात. सायकलच्या आऱ्याचं टोक बघा, तेच काम. धातूचे तंतू तुटत नाहीत, म्हणून मजबुती जास्त.

दारव्हा-आर्वीकडे असलं यंत्र कुठून मिळणार! घरी एम२ ची डाय (आटे कापायचं हत्यार) चालते, पण तिला २ मिमीच्या किंचित खालची मऊ पोलादी तार लागते. टोक कानशीनं निमुळतं करा, तेल सोडा, अर्धा फेरा पुढे, थोडा मागे. पियानो वायरच्या (फार कडक पोलादी तारेच्या) नादी लागू नका, डायचे दात जातील. एलिव्हेटरला (विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पट्टीला) मात्र मी विकतचीच सळी लावीन.